बाहेरचा कोणाला म्हणायचं?

(गावसमित्यांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी संघटनेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना येता आलं नाही त्यांच्या पाड्यावर वाचता येणाऱ्या कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावा.)



काल रात्री जेवणं झाल्यावर पडवीत जो वाद झाला तो तुम्ही सगळ्यांनी ऐकला. आवाज चढले. दोघं-तिघं तर घोंगडी उचलून घरी निघाले होते. वाद होता चार घरांचा. दाव्यांच्या यादीत ती घ्यायची की नाही. एक जण म्हणाला, "ते आपल्या गावचे नाहीत, बाहेरचे आहेत." दुसरा म्हणाला, "25 वर्षं झाली, अजून बाहेरचेच का?" मग कोणाचा बाप कुठून आला इथपर्यंत गोष्ट गेली.

आज सकाळी खरं तर पुराव्याचे कागद कसे लावायचे ते सांगायचं ठरलं होतं. ते दुपारी सांगू. आधी ह्या 'बाहेरचा' शब्दाचं काय ते बोलून घेऊ. कारण हा शब्द आता नुसता पडवीत राहिलेला नाही, तो सरकारी कागदावर चढलाय.

घडलं ते आधी सांगतो. 3 मे 2002 ला दिल्लीच्या वन मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र काढलं की जंगलातली अतिक्रमणं 30 सप्टेंबरच्या आत हटवा. ते पत्र आपल्याला कळायच्या आधी गार्ड पोचले. आपल्याच एका पाड्यावर, नाव घेत नाही, तिथली माणसं इथं बसलीत, गार्ड आणि कागद लिहिणारा असे दोघं आले. राब भाजून झालेला, पाऊस अजून यायचा होता. रानात मोठं माणूस नव्हतं, गुरांमागे एक पोरगा होता. त्याला विचारलं, हा पलाट कोणाचा? पोरगा म्हणाला, "धरणवाल्यांचा." म्हणजे कोण रे? "आमच्या गावचे नाहीत ते. वरून आलेत."

पोराने खोटं काय सांगितलं? काहीच नाही. घरात ऐकतो तेच बोलला.

संध्याकाळी पंचनामा झाला. चहा झाला. पाच जणांनी अंगठे दिले. वाचून कोणी दाखवलं नाही आणि वाचून दाखवा असं कोणी म्हणालंही नाही. पुढे दोन महिने खेटे घातल्यावर त्याची नक्कल आपल्या हातात आली. त्यात लिहिलंय की सदर क्षेत्रावर बाहेरगावच्या इसमांनी अतिक्रमण केलेलं आहे. आता क्षेत्र किती? चार घरांचं नव्हे, पुऱ्या कंपार्टमेंटचं. त्यात धरणवाल्यांचे चार पलाट आहेत आणि जे स्वतःला गावचे म्हणतात त्यांचे 17. एका वाक्यात 21 घरं बाहेरगावची झाली. अंगठे देणाऱ्या पाचांपैकी तिघांचे पलाट त्याच कंपार्टमेंटात आहेत. आपण बाहेरचे आहोत ह्यावर त्यांनी आपल्याच अंगठ्याची शाई लावली.

म्हणून म्हणतो, शब्द जपून वापरा असं नव्हे, शब्द कोणाच्या हातात जातो ते बघा.

आता 'अतिक्रमण' हा शब्द घ्या. आपल्या बोलीत हा शब्द नव्हता. आपण म्हणायचो पलाट, एकसाली. खाली रायगडकडे कातकरी-ठाकर म्हणतात दळी. हे सगळे शब्द जमिनीचे आहेत. 'अतिक्रमण' हा शब्द जमिनीचा नाही, तो माणसाचा आहे. तो म्हणतो, हा माणूस ओलांडून आत आला. म्हणजे आधी बाहेर होता. ओलांडायला रेघ लागते. रेघ कोणी मारली, कधी मारली?

एका म्हाताऱ्या आजीने एकदा कचेरीत विचारलं होतं, "माझ्या आजीची आजी इथं नागली पेरायची, तवा तुमचं फारेष्ट कुठं व्हतं?" कारकून हसला. पण तो प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही, त्याला तारखेसकट उत्तर आहे. इंग्रजांचा पहिला जंगल कायदा 1865 चा. त्यानंतर 1878 चा, तो जास्त कडक. त्या कायद्याच्या वेळी इंग्रज अधिकाऱ्यांतच मोठी चर्चा झाली की रानात जाणं, लाकूड आणणं, गुरं चारणं हा लोकांचा हक्क म्हणायचा की सवलत. सवलत म्हटलं. का, तर हक्क काढून घेतला तर भरपाई द्यावी लागते, सवलत काढून घेतली तर काही द्यावं लागत नाही. एका शब्दाच्या फरकात डोंगरच्या डोंगर गेले. मग 1927 चा कायदा आला, तो आजही चालू आहे. त्याच्या 26 व्या कलमात राखीव जंगलात बिनपरवाना शिरणं हाच गुन्हा आहे. झाड तोडलं पाहिजे असं नाही. नुसतं शिरलं तरी गुन्हा. आता ज्याचं घरच आत आहे तो शिरला कधी? तो तर निघालाच नव्हता. पण रेघ त्याच्या मागून पुढून मारली गेली आणि सकाळी उठला तेव्हा तो शिरलेला होता.

तेव्हा आजीबाईचं गणित बरोबर आहे. बाहेरून आलं ते फॉरेस्ट.

गंमत बघा. जे खरेच बाहेरून आले त्यांना आपण बाहेरचे म्हटलंच नाही. आपल्या भागात जमिनी ज्यांच्या घशात गेल्या ते सावकार-जमीनदार कुठले होते? कोणी गुजरातेतून आलेला, कोणी त्याहून लांबून. त्यांना आपले आजे-पणजे काय म्हणायचे? मालक. शेट. आणि आपण कोण? गडी. लग्नासाठी कर्ज काढलं म्हणून नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे राबायची, त्याला नाव पडलं लग्नगडी. जमीन आपली, आलेला तो, पण मालक तो. गोरा कलेक्टर सात समुद्र ओलांडून आला, तो साहेब. रेंजर बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यातून येतो, तीन वर्षांत जातो, तोही साहेब. त्याला कोणी म्हणतं का, हा उपरा आहे? आणि धरणात घर बुडालं म्हणून डोक्यावर मडकी घेऊन जो वरच्या अंगाने खाली आला, त्याला 25 वर्षं झाली तरी तो धरणवाला.

म्हणजे बाहेरचा हा शब्द खाली वाहतो, पाण्यासारखा. वर चढत नाही. जो बाहेरून येऊन डोक्यावर बसतो त्याला मानाचा शब्द, जो बाहेरून येऊन शेजारी बसतो त्याला हिणवायचा शब्द.

हे आपल्यातच आहे असं नाही. मुंबईत बघा. पोरं कामाला जातात, त्यांना ठाऊक आहे. कोकणातला माणूस घाटावरून आलेल्या गरीब हमालाला घाटी म्हणतो, दोघं मिळून उत्तरेकडच्या माणसाला भय्या म्हणतात. पण बंगल्यात राहणारा मोठा कारखानदार कुठलाही असो, त्याला शेटजी. परदेशी आडनावाची माणसं तुम्हाला भेटली असतील. कितीतरी पिढ्यांपूर्वी त्यांचे वाडवडील उत्तरेकडून शिपाईगिरीला, कामधंद्याला आले. मराठीच बोलतात, इथंच जन्मले, इथंच मरतात, आणि नावात परदेशी. गावाने एकदा चिकटवलेला शब्द नातवंडांच्या शाळेच्या दाखल्यावर जातो.

आणि 'उपरा' हा शब्द तर जमिनीतूनच उगवलाय. पेशव्यांच्या काळात देशावरच्या गावांत शेतकऱ्याच्या दोन जाती होत्या, जन्माच्या नव्हेत, जमिनीच्या. एक मिरासदार, त्याची जमीन वडिलोपार्जित, गावात मान, पंचायतीत जागा. दुसरा उपरी. तो दुसऱ्या गावाहून आलेला, कराराने जमीन कसणारा, त्याला काढताही येई. कष्ट दोघांचे सारखेच. उपरी म्हणजे वाईट माणूस असं मुळात काही नव्हतं, ज्याचं नाव जमिनीला लागलेलं नाही तो उपरी. आज आपण सगळे त्या अर्थाने उपरी आहोत. सात-बारावर नाव फॉरेस्टचं. मग एका उपऱ्याने दुसऱ्या उपऱ्याला उपरा म्हणायचं, आणि मिरासदाराने बाजूला उभं राहून पंचनामा लिहायचा.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट. रामचंद्रपंत अमात्याच्या आज्ञापत्रात, जवळपास 300 वर्षांपूर्वी, फिरंगी, इंग्रज, वलंदेज ह्या लोकांबद्दल लिहिलंय. त्यांना तेव्हा टोपीकर म्हणत. तिथं सांगितलंय की हे इतर सावकारांसारखे नुसते सावकार नव्हेत, ह्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत आणि ह्यांना जमिनीचा लोभ आहे. वखारीला जागा देणं भागच पडलं तर समुद्राकाठी, खाडीच्या तोंडाशी देऊ नका. बघा, टोपीकर हा शब्द डोक्यावरच्या टोपीचा. पण सावध राहायला सांगितलं ते टोपी बघून नव्हे, जमिनीवरची नजर बघून. पंत काही आपल्या गरिबाचे कैवारी नव्हते, राज्यकर्ते होते. पण हिशोब बरोबर लावला होता.

असाच हिशोब आदिवासींनी लावलेला आहे, आणि तो आपण शिकण्यासारखा आहे. झारखंडकडे संथाल, मुंडा, हो ह्या लोकांत एक शब्द आहे, दिकू. दिकू म्हणजे बाहेरचा. कोणी सांगतात दिक करतो तो दिकू, म्हणजे छळतो तो. शब्द तिथूनच आला की नाही ते पंडितांनी ठरवावं, पण लोक तसं सांगतात ह्यालाच अर्थ आहे. 1855 साली सिदू-कान्हूच्या पुढारपणाखाली संथालांनी हूल केला. सावकार, जमीनदार, दरोगा ह्यांच्याविरुद्ध ते उठले. आता त्या गावांत संथाल सोडून दुसरी माणसं नव्हती का? होती. लोहार होते, कुंभार होते, तेली, गवळी होते. ते जन्माने संथाल नव्हेत. पण हूलवाल्यांनी त्यांना हात लावला नाही. उलट त्यातले कितीतरी हुलात सामील झाले. लोहार विळा-कुऱ्हाड करून देतो, तो दिकू कसा? दिकू तो, जो वहीत खोटा आकडा लिहितो.

बिरसा मुंडाचं उलगुलान 1899-1900 चं. तेही दिकूंच्या आणि सरकारच्या विरुद्ध. बिरसा तुरुंगातच वारला 9 जून 1900 ला. त्यानंतर 1908 साली सरकारला छोटा नागपूरचा कूळकायदा करावा लागला आणि मुंडांच्या जमिनी बाहेरच्यांकडे जाण्यावर बंधन आलं. तिथं 'बाहेरचा' हा शब्द ढालीसारखा वापरला गेला.

आपल्या जवळचंही सांगतो. नर्मदेच्या पलीकडे अलिराजपूरकडचे भिल-भिलाले बाहेरच्या माणसाला बाजारिया म्हणतात. बाजारात राहणारा. बघा किती नेमका शब्द आहे. जात नाही, धर्म नाही, भाषा नाही. आपण डोंगरात पिकवतो आणि तो बाजारात बसून भाव पाडतो, एवढंच सांगितलं. आपल्या पोरांपैकी कोणी उद्या बाजारात दुकान टाकून मापात मारू लागला तर तोही बाजारियाच की.

आता काल रात्री एका साथीने जो मुद्दा काढला तो खोडून काढायचा नाहीये. तो म्हणाला, "कामावरून बाहेरचा-आतला ठरवायचा म्हणता, मग गोड बोलून, दवापाणी देऊन जो आत शिरतो त्याला काय करायचं?" मुद्दा खरा आहे. म्हणून कायद्यात एक शब्द आहे, 'बिगरआदिवासी', तो आपल्याला सोडायचा नाही. 1974 साली राज्याने जमीन महसूल कायदा बदलला, तेव्हापासून आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही. आणि 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 ह्या काळात जी अशी गेली ती परत करायचाही कायदा झाला. तिथं माणूस चांगला की वाईट हे कोणी विचारत नाही, जन्माने आदिवासी आहे की नाही एवढंच विचारतात. तसंच हवं. कारण जमीन घेणारा पहिल्या दिवशी नेहमी चांगलाच असतो. तो शब्द कसा चुकवतात तेही आपण बघितलंय. आदिवासी बाईशी लग्न लावून तिच्या नावावर जमीन, किंवा घरच्या गड्याच्या नावावर जमीन आणि गड्याला ठाऊकच नाही की तो चार एकरांचा मालक आहे. तिथं कडक राहायचं.

पण कालचा वाद बिगरआदिवासींचा नव्हताच. ती चारही घरं आदिवासी. आपल्याच बोलीत बोलतात, हिरवा देव, वाघदेव त्यांचेही तेच. एवढंच की शीव वेगळी होती. आपल्याला एकच 'बाहेरचा' शब्द दोन जागी वापरायची सवय लागलीय. जमीन लुटणाऱ्यालाही तोच आणि जमीन लुटली गेलेल्यालाही तोच.

आणि फासेपारधी गावाबाहेर पालं टाकतात तेव्हा? तेव्हा आपली पोरं काठ्या घेऊन बाहेर येतात. कोंबडी गेली की पारध्याने नेली. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, 1952 साली तो कायदा गेला, पण शब्द आपल्या तोंडात ठेवून गेला. हे बोललं की काही जण नाराज होतात. व्हा. पण ज्याला फॉरेस्टवाले चोर म्हणतात त्याने तरी दुसऱ्याला न बघता चोर म्हणू नये.

आपल्याला लोक काय-काय म्हणतात तेही आठवा. जंगली. रानटी. शाळेत मास्तर म्हणतो, एसटीत कंडक्टर म्हणतो. आता नवा गोड शब्द काढलाय, वनवासी. ऐकायला बरा वाटतो. पण त्याचा अर्थ काय? वनात राहणारा. आज वनात राहतो, उद्या उठवला की वनवासी नाही. आणि आदिवासी म्हणजे आधीपासून राहणारा, त्याला उठवला तरी तो आधीचाच राहतो. म्हणून काही लोकांना हा शब्द टोचतो. घटना समितीत जयपालसिंग मुंडा होते, हॉकीचे कप्तान म्हणून गाजलेले. 19 डिसेंबर 1946 च्या भाषणात त्यांनी भर सभेत स्वतःला जंगली म्हणवून घेतलं, मान ताठ ठेवून. लोक ज्या नावाने हिणवतात तेच त्यांनी समोर ठेवलं. पण घटनेच्या कामात आदिवासी सोडून वनजाती असा शब्द घातला गेला तेव्हा मात्र त्यांनी हरकत घेतली. जंगली चालेल, वनजाती चालणार नाही. विचार करा, का ते. जंगली ही शिवी होती, शिवीला उलटून उत्तर देता येतं. दुसरा शब्द कायद्यातून येत होता आणि आदिवासी ह्या शब्दातलं 'आधीपासून' तेवढं काढून टाकत होता.

आता आमच्याबद्दलही बोलायला हवं. आमच्यातले काही जण शहरातून आलेत. मोर्चा निघाला की कचेरीत बोललं जातं, बाहेरचे लोक येऊन भोळ्या आदिवासींना भडकवतात. हे नवीन नाही. 1945 साली 23 मे रोजी उंबरगाव तालुक्यात झरीला वारल्यांची सभा झाली, वेठ बंद करायची ठरली. तेव्हा गोदावरीबाई आणि शामराव परुळेकर गावोगाव फिरत होते. दोघंही बाहेरचे. सरकारने त्यांच्यावर जिल्हाबंदी लादली. म्हणजे कागदोपत्री पक्के बाहेरचे करून टाकले. आणि वारली म्हणायचे, आमची बाई. त्याच वेळी पिढ्यान्‌पिढ्या जिल्ह्यात राहणारे जमीनदार सरकारच्या लेखी स्थानिक होते.

ह्याचा अर्थ आम्ही आपोआप आतले झालो असा कोणी घेऊ नका. आमची जमीन जात नाहीये. 30 सप्टेंबरची भीती आमच्या चुलीला नव्हती. यादी गावसमितीने करायची आहे, आम्ही करायची नाही. आम्ही बोलतोय ते मत म्हणून ऐका.

तर त्या चार घरांबद्दल आमचं मत.

ती घरं 1976-77 च्या सुमाराला आली. एक वर्ष इकडेतिकडे असेल, कारण त्यांच्या आठवणीत साल नाही, धरणाच्या भिंतीचं काम आहे. त्या कामावर तुमच्यातलेही काही जण खडी फोडायला गेले होते, तेव्हा साल काढता येईल. सरकारचा स्वतःचा हिशोब काय? राज्याने 27 डिसेंबर 1978 ला जो ठराव केला त्यात 31 मार्च 1978 पर्यंतची अतिक्रमणं धरली आहेत. केंद्राने तारीख धरली होती 25 ऑक्टोबर 1980, वनसंवर्धन कायद्याचा दिवस. दोन्ही तारखांच्या आधीची ही घरं आहेत. म्हणजे सरकारच्या तारखेने ती आत बसतात आणि गावाच्या जिभेने बाहेर. ह्याची आम्हाला तरी लाज वाटते.

काही जणांच्या मनात दुसरी भीती आहे, ती उघड बोलली गेली नाही म्हणून आम्ही बोलतो. त्यांना घेतलं तर आपल्या वाट्याचं कमी होईल. नाही होणार. दावा ज्याने-त्याने कसलेल्या तुकड्याचा आहे, एका भाकरीचे तुकडे करायचे नाहीत. उलट त्यांना वगळलं तर पंचनाम्यातलं ते वाक्य तसंच उभं राहतं, 'बाहेरगावचे इसम', आणि त्या वाक्याखाली तुमचे 17 आहेत. त्यांना सोडून ते वाक्य खोडता येणार नाही.

त्यांच्यातल्या एका मावशीकडे दंडाची पावती आहे. 1979 ची. फॉरेस्टने पकडलं, दंड केला, पावती दिली, तिने ती बांबूच्या नळीत घालून आढ्याला खोचून ठेवली. पावतीवर तिच्या नवऱ्याचं नाव आणि गुन्हा अतिक्रमण. ज्या शब्दाने तेव्हा बाहेर काढत होते तोच आता सांगतोय की हा माणूस 1979 साली इथं होता. गावात एवढा पक्का कागद दुसऱ्या कोणाकडे नाही. काल तुम्ही जिला बाहेरची म्हणत होता, तिची पावती पुऱ्या कंपार्टमेंटला उपयोगी पडेल, कारण तिच्यावर कंपार्टमेंटचा नंबर आहे.

राज्य सरकारचा 10 ऑक्टोबर 2002 चा ठराव आलाय, त्याप्रमाणे गावपातळीवर समितीने पडताळणी करायची आहे. त्यात काय लिहाल ते नीट लिहा. 'धरणवाले' लिहू नका. 'धरणामुळे उठलेले, अमुक सालापासून ह्या पाड्यावर राहून कसणारे' असं लिहा, म्हणजे त्यांचं जुनं गावही पुसलं जाणार नाही. कारण त्यांचा पुनर्वसनाचा हक्क वेगळा आहे, तो आपल्या यादीत बुडायला नको. 'अतिक्रमणदार' हा शब्द फॉर्मवर छापलेलाच असेल तर तो खोडायच्या भानगडीत पडू नका, कारकून फॉर्म परत करतो. पण जबाबात आपल्या शब्दात सांगा: कसणारा, वहिवाटदार. जबाब घेणाऱ्याने जसा बोलला तसा लिहायचा आणि अंगठा घ्यायच्या आधी दोनदा वाचून दाखवायचा. पंचनाम्याचा अंगठा आठवा.

ज्या पाच जणांनी अंगठे दिले त्यांच्यावर कोणी बोट दाखवू नये. त्यांनीच पुढे येऊन नवा जबाब द्यायचा आहे की आम्हाला मजकूर वाचून दाखवला नाही आणि ही 21 ही घरं आमच्या पाड्याची आहेत. पाचांपैकी तिघं काल रात्रीच तयार झाले. दोघं विचार करून सांगतो म्हणालेत.

बुधवारी बाजार आहे, म्हणून बैठक गुरुवारी सकाळी, वडाखाली. त्या मावशीला पावती नळीतून काढून आणायला सांगा, पण हातात कोणाच्या देऊ नका म्हणावं, नक्कल करून लगेच परत. म्हातारी माणसं, जी धरणाच्या कामाला गेली होती, त्यांना कोणीतरी घेऊन या. चालवत नसेल तर डोली करा. आणि तो गुराखी पोरगा, त्यालाही आणा. तो घाबरून बैठकीला येत नाहीये. त्याला सांगा, कोणी रागावणार नाही.

दुपारी कागदांचं बोलू. आता चहा आहे.